थांबण्याची विद्या : शेतीविमानाच्या इतिहासातील एक प्रकरण

विमानविद्येचे इतिहास चाळू लागले म्हणजे एक गोष्ट लवकरच ध्यानात येते. विमान जमीन सोडून वर कसे गेले याची वर्णने त्यांत पानोपानी सापडतात. परंतु खाली आल्यावर ते थांबले कसे, याविषयी बहुतेक ग्रंथकार दोन ओळींच्या पुढे जात नाहीत. याचे कारण उघड आहे. उडणे हा पराक्रम आणि थांबणे ही केवळ सोय, अशी आपली सर्वांची समजूत असते. आपल्या बैलगाडीचेही असेच नाही काय? बैलांची नावे घरातल्या पोराबाळांना पाठ असतात. उतारावर चाकाला लावायच्या लाकडाची आठवण मात्र उतार लागल्यावरच होते.

प्रस्तुत निबंधात या उपेक्षित बाजूने एका विशिष्ट विमानाचा इतिहास पाहावा, असा आमचा विचार आहे. हे विमान म्हणजे शेतीचे विमान : पिकावर भुकटी उधळणारे, औषध फवारणारे, डोंगरावर खत पसरणारे, एका माणसाचे लहानसे यंत्र. ते उतरत असता त्याचा ब्रेक निकामी झाला तर काय होते, आणि गेल्या शंभर वर्षांत माणसाने या प्रश्नाला कोणकोणती उत्तरे दिली? कोणी म्हणेल, मोठमोठी प्रवासी विमाने सोडून हे किरकोळ वाहन कशाला निवडले? त्याचे असे आहे की, प्रवासी विमान दिवसातून मोजक्या वेळा उतरते, आणि तेही मैल-दीड मैल लांबीच्या काँक्रीटवर. शेतीचे विमान हौद रिकामा झाला की उतरते, भरून घेऊन पुन्हा उडते. हे दिवसभरात कित्येक डझन वेळा चालते, आणि पायाखाली असते गवताची किंवा मातीची तुटपुंजी पट्टी. थांबण्याची विद्या जर कोठे कसाला लागली असेल तर ती येथेच.

या इतिहासाचा आरंभ मोठा चमत्कारिक आहे, कारण पहिल्या शेतीविमानाला ब्रेकच नव्हता. ३ ऑगस्ट १९२१ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात, ट्रॉय या गावानजीक, कटाल्पा नावाच्या झाडांच्या सहा एकरांच्या राईवर सुरवंटांचा सुळसुळाट झाला होता. डेटनजवळच्या मॅककुक फील्ड या लष्करी तळावरून लेफ्टनंट जॉन मॅकरेडी हा वैमानिक कर्टिस कंपनीचे 'जेनी' जातीचे दुपंखी विमान घेऊन आला. एत्येन दोर्मुआ या फ्रेंच वंशाच्या अभियंत्याने विमानाच्या कुशीला एक पत्र्याची पेटी बसविली होती. तिचा दांडा हाताने फिरविला की लेड आर्सेनेटची, म्हणजे शिसे आणि सोमल यांच्या विषारी संयुगाची, भुकटी खाली पडे. वाऱ्याने ती आपोआप राईवर पसरे. काम मिनिटाच्या आत उरकले आणि सुरवंट मोठ्या संख्येने मेले. पुढच्याच वर्षी लुइझियाना राज्यातील टॅलुला येथे कपाशीची बोंडे पोखरणाऱ्या सोंडकिड्यावर असेच प्रयोग झाले. त्यांतून भुकटी उधळणाऱ्या विमानांचा धंदा उभा राहिला, आणि त्या धंद्यातूनच पुढे डेल्टा ही अमेरिकेची मोठी प्रवासी विमान कंपनी निघाली. हा भाग पुष्कळांनी लिहिला आहे. त्यात आम्ही रेंगाळत नाही.

आमचे लक्ष आहे ते 'जेनी'च्या शेपटीखाली. तेथे लोखंडी टोकाची एक लाकडी पट्टी असे. विमान टेकले की ही पट्टी गवतात रुतून नांगराच्या फाळासारखी ओढ देई आणि तेवढ्यावर विमान थांबे. पुढच्या दोन चाकांना कसलाही ब्रेक नव्हता. त्या काळचे विमानतळ म्हणजे चोहोबाजूंनी मोकळी कुरणे. वारा ज्या दिशेने येई त्या दिशेला तोंड करून वैमानिक उतरे, म्हणजे जमिनीच्या मानाने वेग कमी भरे. १९२७ साली लिंडबर्गने अटलांटिक ओलांडला ते विमानही बिनब्रेकचेच होते. जी वस्तू अस्तित्वातच नाही ती निकामी कशी होणार? त्या काळच्या वैमानिकाने सगळा हिशेब आधीच मांडलेला असे : वारा किती, गवत किती उंच, जमीन ओली की कोरडी. टेकण्यापूर्वी जे ठरले ते ठरले.

पुढे विमाने जड झाली, वेग वाढला, कुरणांच्या जागी एकाच दिशेच्या फरसबंद धावपट्ट्या आल्या. फरसबंदीवर शेपटीची पट्टी रुतणार कोठे? तिच्या जागी लहानसे चाक आले, रुतण्याची ओढ गेली, आणि पुढच्या चाकांना ब्रेक लावणे भाग पडले. दोन्ही चाकांचे ब्रेक स्वतंत्र ठेवण्यात आले. उजव्या पायाने दाबला की उजवे चाक अडते व विमान उजवीकडे वळते. डाव्याचे तसेच डावीकडे. म्हणजे ब्रेकवर आता दोन कामे आली : थांबविणे आणि वळविणे. आमच्या मते, पुढच्या साऱ्या संकटांचे मूळ या दुहेरी नोकरीत आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत शेतीच्या कामाला जे विमान हजारोंनी लागले ते बोइंग-स्टिअरमन. हे मूळचे सैन्यातील शिकाऊ वैमानिकांचे दुपंखी विमान. युद्ध संपल्यावर ते जुन्या बाजारात कवडीमोलाने विकले गेले. लोकांनी त्याच्या पुढच्या आसनाच्या जागी हौद बसविला, २२० अश्वशक्तीचे एंजिन काढून ४५० अश्वशक्तीचे घातले आणि धंदा सुरू केला. परंतु ब्रेक पुष्कळदा होते तेच राहिले. शिकाऊ पोराने सकाळी चार-दोन वेळा उतरावे एवढ्यासाठी केलेले ब्रेक आता भरल्या हौदासकट चिखलातून दिवसभर राबू लागले.

असे ब्रेक कसे बिघडतात, हे येथे थोडे सांगितले पाहिजे. पायाने पॅडल दाबले की एका लहान नळकांड्यातील तेलावर दाब पडतो, तो नळीतून चाकापर्यंत जातो आणि तेथे घर्षणाची पट्टी चाकाच्या फिरत्या भागावर आवळली जाते. या साखळीतील रबराची एक चकती झिजली तर तेल झिरपते. तेलात हवेचा बुडबुडा शिरला तर पॅडल ओल्या कापडावर पाय ठेवल्यासारखे मऊ लागते. पुन्हा पुन्हा दाबून पट्टी तापली तर तिची पकडच सुटते. यांत शेतीच्या कामाची भर वेगळी : खतातील आम्ले धातू खातात, भुकटी सांध्यांत बसते, चिखल चाकाभोवती वाळून घट्ट होतो. सर्वांत वाईट म्हणजे दोन्ही बाजू क्वचितच एकदम बिघडतात. दोन्ही ब्रेक गेले तर विमान निदान सरळ तरी धावते. एक गेला आणि घाबरलेल्या वैमानिकाने दोन्ही पॅडले जोराने दाबली, तर ज्या बाजूचा ब्रेक शाबूत आहे त्या बाजूला विमान झटक्याने फिरते.

ते इतके वेगाने का फिरते? शेपटीच्या चाकावर बसणाऱ्या विमानाचा भार पुढच्या चाकांच्या मागे असतो. हातगाडी ओढीत नेली तर ती निमूटपणे मागून येते. तीच उतारावर पुढे ढकलीत नेली तर जरा तिरपी झाली की हातातून निसटू पाहते. या विमानाचे वागणे दुसऱ्या गाडीसारखे आहे. एकदा ते तिरपे झाले की मागचा भार पुढे येण्यासाठी धडपडतो आणि विमान स्वतःभोवती गिरकी घेते. वैमानिकांच्या बोलीत हिला 'ग्राउंड लूप' म्हणतात. तिच्यात बाहेरच्या बाजूचा पंख जमिनीला घासतो, चाकाचा पाय मोडतो, कधी विमान उलटते. आखूड अंतरावर ठेवलेल्या चाकांमुळे स्टिअरमनची या गिरकीबद्दल विशेष कुप्रसिद्धी होती.

आता थोडे गणित. ते तोंडी करण्याजोगे आहे. विमान तासाला ९० किलोमीटर वेगाने टेकले, म्हणजे सेकंदाला २५ मीटर, असे धरू. ब्रेक नाही, गवताचा आणि हवेचा विरोध मिळून दर सेकंदाला वेग १ मीटरने उतरतो, असेही धरू. तर विमान सुमारे ३१२ मीटर धावून थांबेल. तेच तासाला १०० किलोमीटर वेगाने टेकले तर सुमारे ३८६ मीटर लागतील. वेगात दहाचा फरक आणि अंतरात पाऊणशे मीटरांचा. वेग दुप्पट झाला की अंतर चौपट होते, हा निसर्गाचा सावकारी हिशेब आहे. म्हणूनच जुन्या अनुभवी वैमानिकांची शिकवण अशी की, ब्रेकचा संशय आला तर सर्वांत लांब पट्टी शोधावी, वाऱ्याला तोंड द्यावे, पंखांचे फ्लॅप पूर्ण खाली घ्यावेत, हौदात काही असेल तर हवेतच सोडून द्यावे, आणि पट्टीच्या अगदी आरंभी शक्य तितक्या कमी वेगाने टेकावे. टेकल्यावर नियंत्रणदांडा पोटाशी ओढून धरावा, म्हणजे शेपटीचे चाक जमिनीवर दाबून बसते. वेग आहे तोवर दिशा शेपटीच्या सुकाणूने राखावी. शाबूत ब्रेकला विनाकारण पाय लावू नये. आणि पट्टी संपतच आली, समोर झाड किंवा भिंत दिसली, तर ज्या गिरकीला एरवी भ्यायचे तीच मुद्दाम घ्यावी : पंख जाईल, पण माणूस समोरासमोर आदळणार नाही. पुढे धोका नसेल आणि वेग पुरेसा असेल, तर पुन्हा उडून जाण्याचा मार्ग असतोच. मात्र त्याचा निर्णय पहिल्या दोन-तीन सेकंदांत व्हावा लागतो.

हे झाले वैमानिकाचे उत्तर. न्यूझीलंडच्या डोंगरांत या प्रश्नाला खुद्द जमिनीने दुसरे उत्तर दिले. तेथील मेंढ्यांची कुरणे उभ्या चढणींवर. मातीत स्फुरद कमी, आणि बैल किंवा ट्रॅक्टर चढणे अशक्य. १९४८ साली तेथील हवाई दलाने ग्रुमन अव्हेंजर या लढाऊ विमानातून खत पसरण्याचे प्रयोग केले आणि १९४९ पासून खाजगी वैमानिक टायगर मॉथ घेऊन या धंद्यात उतरले. हे टायगर मॉथ आपल्याकडेही परिचित होते. भारतीय हवाई दलाच्या कित्येक वैमानिकांनी पहिले धडे त्यावरच गिरविले. मूळ टायगर मॉथला चाकांचे ब्रेक नव्हते आणि शेपटीला पट्टी होती. असे विमान, आणि पट्टी डोंगराच्या सोंडेवर काढलेली! त्यांनी केले ते असे : चढावर उतरायचे आणि उतारावरून उडायचे. उतरताना चढ विमानाला थांबवी. वरच्या टोकाशी सपाट जागेत खताची गाडी उभी असे. हौद भरला की विमान वळून उताराने धावत सुटे. आमच्या मघाच्या हिशेबात दहास एक असा चढ घातला तर ३१२ मीटरांचे अंतर सुमारे १५६ मीटरांवर येते. तेलाची नळी नाही, रबराची चकती नाही. पृथ्वीचे आकर्षण तेवढे कामाला लावलेले. मात्र अशा पट्टीवर एक कठोर अट असते : अर्ध्यावर आल्यावर विचार बदलता येत नाही. समोर डोंगर असतो.

हे वाचताना पुणे-मुंबई प्रवास करणाऱ्यांना बोरघाट आठवला तर नवल नाही. घाट उतरणाऱ्या आगगाडीचा ब्रेक गेला तर ती धरण्यासाठी तेथे मुख्य मार्गाला चढाचे आंधळे फाटे काढलेले आहेत. त्यांतली खरी युक्ती केवळ चढाची नाही. खाली येणाऱ्या गाडीने फाट्याच्या अलीकडे थांबून दाखवायचे, आणि थांबली तरच सांधा मुख्य मार्गाकडे वळवायचा. न थांबणारी गाडी कोणी काही न करताही फाट्यावर जाते. ब्रेक चालतो असे गृहीत धरणे आणि ब्रेक चालत नाही असे गृहीत धरून उलट पुरावा मागणे, या दोहोंत फार अंतर आहे.

तिसरे उत्तर सर्वांत उशिरा आले, आणि आम्हांला ते सर्वांत महत्त्वाचे वाटते. १९१७ साली कॅनडात रॉयल फ्लाइंग कोअरच्या शिक्षणात असताना ह्यू डीहेवन या तरुण अमेरिकनाचे विमान हवेत दुसऱ्या विमानावर आदळून कोसळले. तो वाचला, पण यकृतासह पोटातील इंद्रिये फुटली होती. रुग्णालयात पडल्या पडल्या त्याने विचार केला की, आपण वाचलो कसे आणि जखम नेमकी येथेच का? उत्तर त्याच्या ध्यानात आले : बसण्याची जागा मोडली नव्हती म्हणून तो वाचला, आणि पट्ट्याच्या बेढब बकलाने पोट फाडले. लोक याला नशीब म्हणत होते. डीहेवनला ते यंत्रशास्त्र दिसले. पुढे पन्नास ते दीडशे फुटांवरून पडूनही वाचलेल्या माणसांच्या घटना त्याने गोळा केल्या आणि १९४२ साली त्यांवर निबंध प्रसिद्ध केला. त्याचे म्हणणे असे की, आघात शरीरावर पसरला आणि थांबायला थोडेसे अंतर मिळाले तर माणूस अचाट धक्के सोसतो. कॉर्नेल विद्यापीठाच्या वैद्यक महाविद्यालयात त्याने अपघातातील जखमांचे संशोधन चालविले. आज आपल्या मोटारीत खांद्यावरून पट्टा येतो, त्यामागे जी विचारपरंपरा आहे तिचा एक मोठा आद्य पुरुष म्हणजे हा माणूस.

डीहेवनच्या विचारांना शेतीविमानात आकार दिला तो फ्रेड वाइक यांनी. अमेरिकन सरकारच्या विमानसंशोधन संस्थेत नाव कमावलेले हे अभियंते १९४८ नंतर टेक्सास कृषी व यांत्रिकी महाविद्यालयात आले आणि तेथे त्यांनी निव्वळ शेतीच्या कामासाठी 'एजी-१' हे विमान रचले. डिसेंबर १९५० मध्ये ते उडाले. तोवर शेतीविमान म्हणजे दुसऱ्या कामाचे विमान ठोकून-ठाकून बनविलेले. येथे प्रथमच वैमानिक हा रचनेचा केंद्रबिंदू झाला. तो उंचावर बसे, म्हणजे नाकापलीकडची जमीन दिसे. एंजिन सर्वांत पुढे, मग हौद, मग वैमानिक. विमान आदळलेच तर पुढचा भाग क्रमाक्रमाने चुरगळावा आणि तेवढ्या अंतरात माणसाचा वेग उतरावा. कोठडीची चौकट भक्कम, खांद्यांवरून येणारे पट्टे, तारा तोडण्यासाठी पुढे धारदार पाती. ब्रेक कधीच जाऊ नये, असे यंत्र वाइक यांनी शोधले नाही. ब्रेक गेला, विमान बांधावर आदळले, तरी माणसाने संध्याकाळी घरी जेवायला जावे, असे यंत्र त्यांनी शोधले. या मालिकेतील 'एजी-३' वरून पायपर कंपनीचे पॉनी हे विमान निघाले. १९५९ पासून १९८१ पर्यंत त्याचे पाच हजारांवर नग झाले. तरीही ही रचना निर्दोष होती असे नाही. पॉनीची पेट्रोलची टाकी आरंभी वैमानिकाच्या पुढ्यातच होती. अपघातात हाडे वाचली तरी आगीचे भय राहिलेच. ती टाकी पंखांत नेण्यास सत्तरीचे दशक उजाडावे लागले.

येथे एक विसंगती नोंदविण्यासारखी आहे. नाकाखाली चाक असलेली तिचाकी रचना लहान विमानांत लोकप्रिय करण्याचे मोठे श्रेय याच वाइक यांना जाते. तिच्यात भार मुख्य चाकांच्या पुढे येतो, आणि मघाची हातगाडी ओढीची होते; एक ब्रेक गेला तरी गिरकीचा धोका पुष्कळ घटतो. पण शेतीविमानाला मात्र त्यांनी शेपटीचेच चाक ठेवले. खाचखळग्यांत नाकाखालचा नाजूक पाय मोडतो आणि पंखा जमिनीला लागतो, ही अडचण होती. न्यूझीलंडकरांनी १९५४ साली प्रथम उडालेले फ्लेचर हे तिचाकी विमान पसंत केले आणि डोंगरांत ते दीर्घकाळ राबविले. दोघेही आपापल्या जमिनीपुरते बरोबर होते, असे आम्हांस वाटते.

आपल्या देशात हा विचार आला तो बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यातून. तेथील विमानरचनेचा पाया घालणाऱ्यांत डॉ. विष्णू माधव घाटगे हे कोल्हापूर जिल्ह्यातील हसूरचंपूचे. जर्मनीत गोटिंगेनला प्रांट्ल यांच्या हाताखाली शिकून आलेल्या या अभियंत्याच्या नेतृत्वाखाली तयार झालेले 'एच. टी.-२' हे शिकाऊ विमान ऑगस्ट १९५१ मध्ये उडाले आणि त्याने हवाई दलात टायगर मॉथची जागा घेतली. पुढे त्याच कारखान्याने खास शेतीसाठी विमान केले. त्याचे नाव 'बसंत'. वसंतातल्या व्याख्यानांच्या या संग्रहात त्याचा उल्लेख अगदीच अस्थानी ठरू नये. पहिला नमुना मनासारखा न उतरल्याने रचना जवळजवळ नव्याने करण्यात आली, आणि सुधारलेला 'बसंत' ३० मार्च १९७२ रोजी प्रथम उडाला. ४०० अश्वशक्तीचे एंजिन, खाली जोडलेले पंख, शेपटीचे चाक, पुढे हौद आणि त्याच्या मागे उंचावर बसलेला वैमानिक : वाइक यांचे तत्त्व येथे ओळखू येते. १९८० साली उत्पादन बंद झाले तेव्हा चाळीससुद्धा विमाने झाली नव्हती. तुकड्यातुकड्यांच्या शेतीला विमान कितपत परवडते, हा प्रश्न वेगळा आणि मोठा आहे. पिकावर आकाशातून विष ओतावे की नाही, हा त्याहून मोठा. त्यांना येथे हात घालीत नाही.

आज आपल्याकडे फवारणीसाठी ड्रोन येत आहेत; त्यांना चाकेही नाहीत आणि आत माणूसही नाही. परंतु अमेरिका, ऑस्ट्रेलिया, ब्राझील येथील विस्तीर्ण शेतांवर माणसाने चालविलेली विमाने अजून राबतात. त्यांतील मोठ्या विमानांना टर्बाइन एंजिने आहेत. टेकल्यावर पंख्याची पाती उलट्या कोनात वळवून हवेचाच ब्रेक करता येतो, आणि चाकांच्या ब्रेकवरचा भार पुष्कळ हलका होतो. लहान विमानांत मात्र अजून तेच पॅडल, तीच तेलाची नळी आणि तीच रबराची चकती आहे. जुन्या शिस्तीत वाढलेला वैमानिक पट्टीशी समांतर उडत असताना, टेकायला मिनिटभर अवकाश असताना, दोन्ही पॅडले एकदा दाबून पाहतो. पायाखाली ती घट्ट लागली तर तो नेहमीप्रमाणे वळतो. एक जरी मऊ लागले तरी दुसऱ्या, लांब पट्टीचा विचार करायला त्याच्याजवळ अजून उंची असते.